गजातून अक्षर काढताना

चाकणहून पहिली पाळी संपवून कंपनीच्या बसने चिंचवडला उतरतो तेव्हा साडेचार वाजून गेलेले असतात. चहा घेऊन दार लावतो. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून व्हायोलिनच्या घोडीवर रबरी म्यूट बसवतो. दिवसभर पाना धरलेला हात गजावर लगेच हलका होत नाही, म्हणून पहिली दहा मिनिटं नुसता ‘सा’ ओढायचा.

सध्या एकच गाणं चाललंय, ‘स्वर आले दुरुनी’. चाल व्हायोलिनवादक प्रभाकर जोगांची, आणि वाजवायचं त्यांच्यासारखं, म्हणजे शब्द ऐकू आले पाहिजेत. व्हायोलिन शिकवणाऱ्या सरांनी पहिल्या दिवशी वाद्य बाजूला ठेवायला लावलं आणि गाणं म्हणवून घेतलं. मग वहीत अक्षराखाली गज मांडून दिला. ‘आले’चा ‘आ’ निव्वळ स्वर, तिथे गज थांबवायचा नाही, दाब किंचित सैल करायचा. ‘दु’ आणि ‘रु’ ऱ्हस्व, त्यांना जेमतेम दोन बोटं गज. ‘नी’ दीर्घ, त्याच्यासाठी उरलेला सगळा राखायचा. मी ‘दु’वरच गज उधळतो आणि ‘नी’ला दम तुटतो.

तारेतून व्यंजन निघत नाही. शब्द ऐकणाऱ्याच्या मनात असतात. गज अक्षराच्या जागी वळला की ते उमटतात, भलतीकडे वळला की सूर बरोबर लागूनही गाणं मुकं राहतं. जोगांचं व्हायोलिन ‘गाणारं व्हायोलिन’ म्हणून ओळखलं गेलं, ते किती नेमकं आहे हे मला या वहीमुळे कळलं.

जोगांचा जन्म १९३२ चा. वडील लवकर गेले. बाराव्या वर्षापासून ते पुण्यातल्या वाड्यांमध्ये सव्वा रुपया आणि नारळावर वाजवायला जात. तालीम मिळाली गजाननबुवा जोशींची, जे स्वतः गवई होते आणि व्हायोलिनवादकही. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं आणि गायक-संगीतकार सुधीर फडक्यांना जोगांची साथ लाभली. पुढे ते फडक्यांचे सहायक झाले, वाद्यमेळाचं संयोजन केलं, स्वतः संगीतकार झाले. गायकाचा श्वास कुठे पडतो हे साथीला बसून जितकं कळतं, तितकं दुसरीकडे कुठे कळत असेल असं मला वाटत नाही.

सरांकडे एक व्हायोलाही आहे. तो व्हायोलिनपेक्षा एका पंचमाने खाली लागतो, पुरुषाच्या आवाजाच्या अगदी जवळ. एकदा तेच गाणं त्यावर वाजवून पाहिलं. जाड तार उशिरा बोलते, त्यामुळे गज अक्षराच्या किंचित आधी टेकवावा लागतो. वाद्यमेळ लिहिणाऱ्याला प्रत्येक वाद्याचा हा स्वभाव ठाऊक असावा लागतो.

जोग ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी पुण्यात गेले. त्यांच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकायला मिळतात. घरात कुणी व्हायोलिन शिकत असेल तर त्या जरूर ऐकवा, आणि गज हातात देण्याआधी गाणं म्हणवून घ्या.