मुलांच्या खेळण्यांची मांडणी

आपल्या जिल्ह्यातील जुन्या धाब्याच्या घरांत स्वयंपाकघराच्या भिंतीशी भांड्यांची मांडणी असे. चिंचेने घासून लखलखीत केलेली तांब्यापितळेची भांडी तीवर उतरत्या क्रमाने लावलेली असत, आणि घरातील स्त्रीस हवे ते पातेले अंधारातही हाताशी सापडे. त्याच घरातील मुलांची खेळणी मात्र कोठे असत? भोवरा कोनाड्यात, सागरगोटे आजीच्या गाठोड्यात, पोळ्याला केलेले मातीचे बैल तुळईच्या सांदीत, आणि मढीच्या यात्रेतून आणलेली लाकडी गाडी उंच फळीवर, म्हणजे मुलाचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी. आजच्या सिमेंटच्या घरात फळीची जागा काचेच्या कपाटाने घेतली आहे, इतकाच फरक. खेळणी पाहुण्यांस दिसतात; मुलास ती मागावी लागतात.

शाळांतून आणि अंगणवाड्यांतूनही चित्र फारसे निराळे नसते. मणी, ठोकळे, आकृत्या यांची पेटी येते, जडवस्तू नोंदवहीत तिची नोंद होते, आणि एखादा ठोकळा हरवला तर उत्तर द्यावे लागेल या धास्तीने ती कुलुपात जाते. शिक्षकाची ही धास्ती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु वापराने झिजलेले साहित्य रीतसर निर्लेखित करता येते. पेटीत पडून राहिलेल्या साहित्याने वाया गेलेले मुलाचे वर्ष कोणत्याच नोंदवहीत येत नाही.

मुलाने वस्तू आपल्या हाताने घ्यावी, तिच्याशी हवा तितका वेळ रमावे आणि ती जागेवर ठेवावी, ही बालशिक्षणातील जुनी कसोटीची गोष्ट आहे. मारिया मॉन्टेसरी यांनी 1907 साली रोम येथे पहिले बालगृह उघडले. साहित्य मोठ्यांच्या ताब्यातील बंद कपाटातून काढून मुलांच्या उंचीच्या ठेंगण्या कपाटांत ठेवणे, हा तेथील पद्धतीचा महत्त्वाचा भाग ठरला. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. 1957 मध्ये हे कार्य कोसबाडला गेले. महागडे साहित्य खेड्यात परवडत नाही, म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे अशा परिसरातील वस्तूंचा उपयोग केला. तेव्हा खेळणी थोडी आहेत किंवा साधी आहेत, ही मांडणी न करण्याची सबब होऊ शकत नाही. चिंचोके, नदीतील गोटे, चिंध्यांची बाहुली, एवढ्यावरही ती शोभते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. प्रथम उंची ठरवावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या वाढमानकांप्रमाणे तीन वर्षांच्या बालकाची मध्यम उंची सुमारे 95 सें.मी. आणि पाच वर्षांच्या बालकाची सुमारे 110 सें.मी. असते. म्हणून मांडणीची एकूण उंची 75 सें.मी. पुरे. एवढ्या उंचीवर सर्वांत वरची वस्तूही लहान मुलास टाचा न उंचावता दिसते व घेता येते. लांबी आतून 90 सें.मी. आणि खोली 28 सें.मी. ठेवावी. लांबीचा मोह आवरावा. कारण तेवढ्याच ओझ्याखाली फळीची लांबी दुप्पट झाली तर तिचा बाक आठपट होतो.

फळ्या 2 सें.मी. जाडीच्या घ्याव्यात. दोन्ही बाजू प्रत्येकी 73 सें.मी., खालची आणि मधली फळी प्रत्येकी 91 सें.मी. आणि वरची 96 सें.मी., मिळून 4 मीटर 24 सें.मी. भरतात. करवतीची तूट व गाठी धरून साडेचार मीटर घेतल्यास काम अडणार नाही. 28 सें.मी. रुंदीची अखंड फळी मिळणे कठीण, 14 सें.मी.च्या दोन फळ्या सरसाने जोडल्या तरी चालते. मागच्या अंगास लावण्याकरिता 94 सें.मी. लांब, 5 सें.मी. रुंद व दीड सें.मी. जाड अशा दोन पट्ट्या निराळ्या घ्याव्यात.

लाकूड कोणते घ्यावे, हा प्रश्न सुतारास विचारला तर तो सागवान सांगेल. ते उत्तम खरे. पण त्याचा खर्च प्रत्येकास झेपत नाही. गाडी आणि नांगर यांच्यासाठी आपल्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली बाभूळ चिवट व टिकाऊ आहे. मात्र ती जड असते, आणि आधी गिरमिटाने भोक न पाडता खिळा ठोकल्यास उलते. कडुनिंबास कीड सहसा लागत नाही, आणि आमच्या मते घरगुती कामास तोच सोयीचा. आंब्याचे लाकूड स्वस्त, परंतु ओल आणि कीड त्यास लवकर गाठतात. लाकूड कोणतेही असो, ते वाळलेले हवे. ओल्या फळ्यांची मांडणी श्रावणात जोडली तर वैशाखाच्या उन्हात त्या आकसून सांधे उघडे पडतात. पडलेल्या वाड्याचे जुने सागवान मिळाल्यास सोन्याहून पिवळे. ते पुरते वाळलेले असते. मात्र त्यात दडलेले खिळे आधी शोधावेत, आणि त्यावर जुना रंग असेल तर ते लाकूड या कामास घेऊच नये. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो, आणि घासताना उडणारी त्याची धूळ मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक आहे.

बाजूच्या फळ्यांच्या आतील अंगास अर्धा सें.मी. खोल खाचा पटाशीने घ्याव्यात. खालची खाच जमिनीपासून 8 सें.मी. वर, म्हणजे केरसुणी खालून फिरेल. मधली 44 सें.मी. वर. यामुळे खालचा कप्पा 34 सें.मी. आणि वरचा 27 सें.मी. उंचीचा होतो. गुण्या लावून काटकोन पाहावा, खाचांत सरस लावून फळ्या बसवाव्यात, बाहेरून स्क्रूने आवळाव्यात आणि शेवटी वरची फळी चढवावी. मागील एक पट्टी वरच्या फळीखाली व दुसरी मधल्या फळीशी बसवावी. या दोन पट्ट्या क्षुल्लक वाटतात. परंतु त्यांच्याविना मांडणी झुलते. पुढील कडेस फळीच्या वर 1 सें.मी. येईल अशी बारीक पट्टी लावल्यास चेंडू व गोट्या घरंगळत नाहीत. दार लावू नये. सुतार आग्रह करील, पाहुणेही सुचवतील. तरी लावू नये.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे. मूल मांडणीवर चढणारच. म्हणून ती भिंतीशी जखडल्याखेरीज एक दिवसही वापरू नये. दगडमातीच्या भिंतीत नुसता खिळा धरत नाही. भोक पाडून त्यात लाकडी गुल्ली सिमेंटने घट्ट बसवावी, सिमेंट सुकू द्यावे, आणि मागील वरच्या पट्टीतून त्या गुल्लीत दोन ठिकाणी लांब स्क्रू आवळावेत. मोठ्या माणसाने वरची फळी दोन्ही हातांनी पुढे ओढून पाहावी. ती तसूभरही हलता कामा नये. जड वस्तू नेहमी खालच्या कप्प्यात ठेवाव्यात. भिंत व मांडणी यांमध्ये पट्ट्यांच्या जाडीएवढी जी फट राहते ती बुजवू नये. तीतून हवा खेळते आणि वाळवीच्या मातीच्या नळ्या चढू लागल्यास त्या दिसतात. पायांखाली शहाबादी फरशीचे तुकडे द्यावेत.

सर्व कडा व कोपरे काचकागदाने गोल करावेत. रंग लावायचाच असेल तर डब्यावरील मजकूर वाचावा. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांहून अधिक असू नये, असा नियम 2016 मध्ये झाला व 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. गोठ्यात वर्षानुवर्षे पडलेला उरलेला डबा म्हणूनच उपयोगाचा नाही. आम्हांस साधे जवसाचे तेल अधिक पसंत आहे. त्याचे दोन पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हात पुरता वाळू द्यावा. तेलाने भिजलेली फडकी मात्र गोळा करून ठेवू नयेत. ती आपोआप तापून पेट घेतात. ती उघड्यावर पसरून वाळवावीत.

हे काम सातवीतील मुलामुलींकडून कार्यानुभवाच्या तासास करून घेता येईल. करवत व पटाशी चालत असता शिक्षकाने जागेवरून हलू नये, एवढीच अट. घरी केल्यास घासण्याचे काम मुलास अवश्य द्यावे.

मांडणी तयार झाल्यावर घरातील सगळी खेळणी तीवर ओतू नयेत. आठदहा वस्तू, दोहोंमध्ये मोकळी जागा सोडून ठेवाव्यात. बाकीच्या टोपलीत झाकून ठेवून पंधरा दिवसांनी अदलाबदल करावी. सुटे भाग असलेल्या खेळण्यास एक सूप किंवा परडी द्यावी, म्हणजे मूल ती सबंध उचलून नेते. सागरगोटे आणि चिंचोके यांसारख्या तोंडात जाणाऱ्या वस्तू, घरात तान्हे मूल असल्यास, तूर्त बाजूसच राहू द्याव्यात. पहिले काही दिवस पसारा होईल आणि घरातील वडीलधारी माणसे कुरकुरतील. अशा वेळी प्रत्येक वस्तूच्या तळाची आकृती गेरूने फळीवर काढून द्यावी. बैलाचे चार खूर कोठे टेकवायचे हे रेघेवरून कळू लागले, की मूल तो तेथेच आणून उभा करते.