सार्वजनिक प्रसारणाचा खर्च आणि अखत्यार

टपाल कचेरीच्या खिडकीशी वर्षातून एकदा उभे राहून रेडिओच्या परवाना-पुस्तिकेत पंधरा रुपयांचे तिकीट चिकटवून घेण्याची, त्यावर शिक्का उमटवून घेण्याची आणि मुदत टळल्यास दंडासह रक्कम भरण्याची रीत महाराष्ट्रातील एका संपूर्ण पिढीच्या अंगवळणी पडली होती. १९८५च्या सुमारास ही परवानापद्धती रद्द झाली तेव्हा श्रोत्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि तो साहजिकच होता. कारण वसुलीचा खटाटोप मोठा आणि हाती येणारी रक्कम बेताची, अशीच तिची अवस्था होती. परंतु त्या पुस्तिकेबरोबर ऐकणारा आणि पैसे देणारा एकच असल्याचा संबंधही संपला, आणि आकाशवाणी व दूरदर्शन यांच्या माथी सरकारी अनुदान आणि जाहिरातदार हे दोनच धनी उरले, याची चर्चा त्या वेळी व्हावी तशी झाली नाही.

या देशात सरकार प्रसारणात उतरले ते काही पूर्वनियोजित धोरणाने नव्हे, तर पैशाच्या टंचाईमुळे. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत पहिले नियमित केंद्र सुरू करणारी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी खाजगी होती. वार्षिक दहा रुपयांच्या परवाना-शुल्कातील मोठा वाटा तिला मिळत असे, पण परवानेधारकांची संख्या काही हजारांपलीकडे गेली नाही आणि १९३०मध्ये कंपनीचे दिवाळे वाजले. सरकारने केंद्रे ताब्यात घेतली आणि तेव्हापासून प्रसारणाची किल्ली दिल्लीच्या दफ्तरातच राहिली. १९६७मध्ये मुंबई, पुणे आणि नागपूर येथून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, १९७६मध्ये दूरदर्शननेही तीच वाट धरली, तरी अखत्यार मात्र जिथल्या तिथे राहिला.

आणीबाणीत आकाशवाणीचा जो वापर झाला, त्याचा धडा घेऊन वर्गीज समितीने १९७८मध्ये ‘आकाश भारती’ या स्वायत्त न्यासाची शिफारस केली. ती बाजूस पडून १९९०मध्ये प्रसार भारतीचा कायदा झाला आणि तो अमलात येण्यास १९९७ उजाडले. या कायद्याच्या कलमांत स्वायत्ततेची भाषा आहे. तेराव्या कलमात बावीस सदस्यांची संसदीय समिती आहे, चौदाव्यात तक्रारी ऐकणारी प्रसारण परिषद आहे. परंतु ही दोन्ही मंडळे कागदावरून कधी उठलीच नाहीत, आणि तेविसाव्या कलमान्वये विशिष्ट बाबतींत निदेश देण्याचा सरकारचा अधिकार मात्र शाबूत आहे. पगाराचा मोठा बोजा केंद्राच्या अनुदानावर आहे, आणि यंत्रसामग्रीच्या नूतनीकरणासाठी २०२५-२६पर्यंतची जी सुमारे २,५४० कोटी रुपयांची योजना २०२३च्या जानेवारीत मंजूर झाली, तीही मंत्रिमंडळाच्याच मर्जीतून. ज्याला दरसाल मंत्रालयापुढे हात पसरावा लागतो, त्या बातमीदाराने त्याच मंत्रालयाविषयी निर्भयपणे बोलावे, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

दुसरा धनी बाजार. दूरदर्शनच्या फ्री डिशवरील जागांचा लिलाव करून प्रसार भारती चांगले उत्पन्न मिळवते, आणि मासिक वर्गणी न परवडणाऱ्या कोट्यवधी घरांना ही सोय आधाराची आहे हे निर्विवाद आहे. परंतु खाजगी वाहिन्यांना जागा भाड्याने देणे हा घरमालकाचा व्यवसाय झाला, त्यावरून सार्वजनिक प्रसारणाचे मोल ठरू नये.

इतरत्र काय घडत आहे? ब्रिटनमध्ये १९२२पासून चालत आलेल्या शुल्कपद्धतीला ओहोटी लागली आहे, बीबीसीच्या सध्याच्या सनदेची मुदत ३१ डिसेंबर २०२७ रोजी संपते, आणि पंचाहत्तरीपुढील वृद्धांच्या मोफत परवान्यांचा भार २०१५मध्ये सरकारने वाटाघाटीत तिच्याच गळ्यात घातला होता. फ्रान्सने २०२२मध्ये स्वतंत्र शुल्कच रद्द केले. अमेरिकेत तर राजकीय दडपण येऊ नये म्हणून दोन वर्षे आधीच रक्कम मंजूर करण्याचा प्रघात होता. तरी २०२५च्या जुलैमध्ये काँग्रेसने मंजूर झालेले सुमारे ११० कोटी डॉलर काढून घेतले आणि १९६७पासूनच्या सार्वजनिक प्रसारण महामंडळाने गाशा गुंडाळण्याची घोषणा केली. याउलट जर्मनीत प्रसारणसंस्थांची गरज किती हे एक स्वतंत्र आयोग मोजतो. सॅक्सनी-अनहाल्ट या एका राज्याने संमती अडवून धरली तेव्हा २०२१च्या ऑगस्टमध्ये घटना न्यायालयाने हस्तक्षेप करून घरटी मासिक शुल्क साडेसतरा युरोंवरून १८.३६ युरोंवर नेले. अलीकडे तेथील राज्येही पुढील वाढीला का-कू करीत आहेत. तथापि सरकारला हिशेब द्यावा लागतो, हेच त्या पद्धतीचे बळ.

आपल्याकडे अशा आयोगाची कल्पना परकी नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८० खालील वित्त आयोग केंद्र आणि राज्ये यांच्यातील वाटप ठरवतो. त्याच धर्तीवर पाच वर्षांसाठी प्रसारणाची गरज ठरवणारा आयोग का नसावा? आणि पैसा कोठून, याचे उत्तर न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या १९९५च्या निकालात दडलेले आहे. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात ठरवले. मग या लहरींच्या लिलावातून सरकारी तिजोरीत जी रक्कम जमा होते, तिचा ठराविक अंश कायद्याने प्रसारणासाठी राखून ठेवणे न्यायाचे ठरेल. ग्रामीण दूरसंचारासाठी कंपन्यांच्या उत्पन्नातून पाच टक्के घेण्याची वहिवाट आपल्याकडे आहेच.

नियमनाच्या बाबतीत मात्र मला घाई नको वाटते. २०२३च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झालेल्या प्रसारण विधेयकाचा पुढील मसुदा टीकेनंतर २०२४मध्ये मागे घेण्यात आला. नवा मसुदा येईल तेव्हा खाजगी वाहिन्या आणि समाजमाध्यमे यांना वेसण घालण्याच्या उत्साहात प्रसार भारतीची सुधारणा विसरली जाण्याचा धोका आहे. चौदाव्या कलमातील परिषद नेमण्यास तर नवा कायदाही नको, नुसती इच्छा पुरे. २०२३च्या जूनमध्ये आकाशवाणी पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून त्याचे काम छत्रपती संभाजीनगरकडे सोपवण्याचा हुकूम निघाला आणि लोकांनी व लोकप्रतिनिधींनी आवाज उठवल्यावर मंत्र्यांच्या सूचनेने तो स्थगित झाला. परिषद अस्तित्वात असती तर पुण्याच्या श्रोत्यांना दाद मागण्यासाठी मंत्र्यांचे दार ठोठावावे लागले नसते, आणि विभाग ठेवावा की हलवावा याची कारणे दोन्ही पक्षांना उघडपणे मांडावी लागली असती.