वैद्यकीय संशोधनाची शोधसूची

न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरीं लिगिन्स व हौवी या दोन डॉक्टरांनीं केलेल्या एका प्रयोगाचा वृत्तांत १९७२ सालीं प्रसिद्ध झाला. दिवस भरण्यापूर्वींच बाळंत होण्याचीं चिन्हें दिसूं लागलेल्या २८२ स्त्रिया या प्रयोगांत होत्या. कांहींना बीटामेथासोन नांवाचें औषध टोचलें, कांहींना तें दिलें नाहीं, आणि पुढें जन्मलेल्या अर्भकांची तुलना केली. औषध मिळालेल्या आयांच्या मुलांत श्वासाचा घातक विकार कमी आढळला व दगावणाऱ्यांची संख्याही घटली.

त्यानंतर असे प्रयोग इतरत्रही झाले. परंतु एकेकटा प्रयोग लहान, आणि कित्येकांतून निश्चित असें कांहींच निघेना. ते सारे शेजारीं शेजारीं मांडले असते तर उत्तर लख्ख दिसलें असतें. पण ते निरनिराळ्या देशांतील निरनिराळ्या नियतकालिकांत विखुरले होते. अमेरिकेंतील राष्ट्रीय आरोग्यसंस्थांनीं भरविलेल्या तज्ज्ञ-परिषदेनें या उपचाराची शिफारस केली ती १९९४ सालीं. मधल्या २२ वर्षांत जीं अर्भकें गेलीं, त्यांतील कित्येक या उपचारानें वांचलीं असतीं.

आर्ची कॉक्रेन या ब्रिटिश वैद्यकशास्त्रज्ञानें १९७९ सालीं आपल्या व्यवसायबंधूंना याच उणिवेबद्दल खडसावलें होतें. प्रत्येक शाखेंतील नियंत्रित प्रयोगांचें चिकित्सक संकलन करून तें वेळोवेळीं अद्ययावत् ठेवण्याची व्यवस्था वैद्यकानें केलेली नाहीं, असा त्याचा आक्षेप होता. आणि या बाबतींत प्रसूतिशास्त्र सर्वांच्या मागें, असा शेराही त्यानें मारला. ऑक्सफर्ड येथें आयन चाल्मर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हें काम अंगावर घेतलें. १९४० ते १९८४ या काळांतील प्रसूतिविषयक प्रयोगांची वर्गीकृत सूची त्यांनीं १९८५ सालीं छापली व १९८८ सालीं तिचाच विस्तार करून संग्रह संगणकाच्या तबकड्यांवर उपलब्ध केला. छापील निबंधांवरच न थांबतां १८ देशांतील चाळीस हजारांवर डॉक्टरांकडे पत्रें धाडून अप्रसिद्ध प्रयोगांचीही विचारपूस त्यांनीं केली. या खटाटोपांतून १९९० सालीं बारा प्रयोगांचें एकत्रित विवेचन बाहेर पडलें आणि उपरोक्त औषधाविषयींचा संशय फिटला. पुढें १९९३ सालीं कॉक्रेनच्या नांवानें जी आंतरराष्ट्रीय संस्था निघाली, तिच्या बोधचिन्हांतील आडव्या रेषा म्हणजे त्याच औषधाचे सात प्रयोग होत.

ऑक्सफर्डच्या त्या संग्रहाला संगणकाची आज्ञावली लिहिणारे जाणकार लागले. आज ती अडचण उरलेली नाहीं. 'नो-कोड' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साधनांत, उदाहरणार्थ एअरटेबलमध्यें, आज्ञावलीचें एक अक्षरही न लिहितां कोष्टक आंखतां येतें, प्रत्येक रकान्याचा प्रकार ठरवितां येतो, एका कोष्टकांतील नोंद दुसऱ्याशीं जोडतां येते आणि हवी ती चाळणी लावून क्षणांत निवड करतां येते. एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाचा विभाग, रुग्णांचें साहाय्यक मंडळ, फार काय, चार चिकाटीचीं माणसेंसुद्धां एखाद्या रोगावरील संशोधनाची शोधसूची अशा रीतीनें उभारूं शकतात. आंखणीला एक दुपार पुरते. मग काम कोठें पडतें?

तें पडतें नांवें ठेवण्यांत. हृदयविकाराच्या झटक्याची नोंद एकानें 'हार्ट अटॅक' म्हणून केली, दुसऱ्यानें 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' म्हणून केली, तर पहिला शब्द घालून शोधणाऱ्याच्या हातीं अर्धेच निबंध येतील. आणि उरलेले अर्धे निसटले हें त्याला कळणारही नाहीं. यंत्र केवळ 'सांपडलें नाहीं' एवढेंच सांगतें. ऐकणारा मात्र 'अस्तित्वांतच नाहीं' असें ऐकतो. वॉशिंग्टनच्या सैनिकी वैद्यक-ग्रंथालयांत जॉन शॉ बिलिंग्ज यांनीं १८७९ सालीं 'इंडेक्स मेडिकस' ही जगांतील वैद्यकीय निबंधांची मासिक सूची सुरू केली, तेव्हांपासून सूचिकारांना हीच डोकेदुखी आहे. (जनगणनेचें काम यंत्रानें करण्याची कल्पना तरुण हॉलेरिथच्या डोक्यांत याच बिलिंग्जनीं भरविली, हा योगायोग मोठा मौजेचा.) त्याच ग्रंथालयाच्या परंपरेंतील राष्ट्रीय वैद्यक-ग्रंथालयानें १९६० सालीं ठराविक विषयनामांचा कोश काढला. 'मेश' या नांवानें तो आजही चालू आहे आणि कोणालाही विनामूल्य पाहतां येतो. त्यांत प्रत्येक विषयाला एकच अधिकृत नांव असून बाकीचे पर्याय त्याकडे बोट दाखवितात. कर्करोगावरील निबंध त्यांत 'निओप्लाझम्स' या मथळ्याखालीं सांपडतात.

म्हणून शहाणा सूचिकार रोगाच्या रकान्यांत मोकळें लिखाण करूंच देत नाहीं. तेथें आधीं ठरविलेल्या नांवांची यादी असते व त्यांतूनच निवड करावी लागते. लोकांच्या तोंडीं असलेले शब्द वेगळ्या रकान्यांत नोंदवितात. क्षय, राजयक्ष्मा, टी.बी. यांपैकीं कोणताही शब्द घातला तरी शोधणारा 'ट्यूबरक्युलोसिस'च्या निबंधांपाशींच पोंचला पाहिजे.

दुसरी खुबी अशी कीं, कोष्टकाची एक ओळ म्हणजे एक निबंध नव्हे. एकाच प्रयोगावर चार-चार निबंध निघतात: पहिल्या वर्षाचा, पांचव्या वर्षाचा, केवळ स्त्रियांपुरता. प्रत्येकाला स्वतंत्र पुरावा धरलें तर एकाच साक्षीदाराची जबानी चारदां घेतल्यासारखें होतें. यास्तव प्रयोगांचें एक कोष्टक, निबंधांचें दुसरें, आणि दोहोंमध्यें दुवा, अशी रचना करावी. निबंधाच्या ओळखीसाठीं मथळा विश्वसनीय नाहीं; त्याचा स्थायी क्रमांक, म्हणजे डी.ओ.आय., लिहून ठेवल्यास तीच नोंद दुबार होत नाहीं.

साधनाच्या आगाऊपणाकडेही लक्ष ठेवावें लागतें. 'सेप्ट२' हें एका जनुकाचें संक्षिप्त नांव. एक्सेलमध्यें तें लिहितांच सप्टेंबरची दुसरी तारीख उमटे, आणि अशा चुका छापील निबंधांतल्या पुरवण्यांपर्यंत पोंचल्या. अखेर यंत्रापुढें शास्त्रज्ञांनींच हात टेकले व जनुकांच्या नामकरण-समितीनें २०२० सालीं तीं नांवेंच बदललीं. सेप्ट२ आतां 'सेप्टिन२' झालें आहे. घरच्या कोष्टकांत रकान्याचा प्रकार आरंभींच 'मजकूर' असा ठरवून टाकला कीं ही आपत्ति टळते. रुग्णांचीं नांवें वा पत्ते तर अशा सूचींत कोठेंच येतां कामा नयेत.

राहिले दोन रकाने. ते बहुधा विसरले जातात. एकांत शेवटचा शोध कोणत्या तारखेस घेतला तें नमूद करावें; दुसऱ्यांत निबंध पुढें मागें घेतला गेला आहे काय, तें. गोंवर-गालगुंडाच्या लशीचा संबंध मुलांच्या स्वमग्नतेशीं सुचविणारा, अवघ्या बारा मुलांवर आधारलेला निबंध 'लॅन्सेट'मध्यें १९९८ सालीं आला आणि त्याच नियतकालिकानें तो २०१० सालीं संपूर्णपणें रद्द केला. या बारा वर्षांत तयार करून नंतर तशीच सोडून दिलेली एखादी सूची आजही, विचारणाऱ्या आईबापांपुढें, तो निबंध इतरांच्या पंक्तींत बसवूनच दाखवील.