जंत गुळाने होत नाहीत

गोड खाल्लं की जंत होतात, असं घरोघरी सांगतात. बिचाऱ्या गुळाचा यात काही दोष नाही. गोलकृमीची अंडी विष्ठेतून मातीत पडतात, दोन-तीन आठवड्यांत तयार होतात आणि नखांतून, न धुतलेल्या कोथिंबिरीतून पोटात जातात. आकडीकृमीची अळी तर अनवाणी पायाच्या कातडीतूनच शिरते. संडास नाही, पाणी लांब, पोर दिवसभर मातीत. ऊसतोडीच्या फडावर जंतांना आणखी काय हवं?

१० फेब्रुवारीला शाळा-अंगणवाड्यांत १ ते १९ वयाच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी फुकट मिळते. पण तेव्हा गळीत हंगाम चालू असतो. आईबापांबरोबर गेलेलं पोर पटावर असतं, वर्गात नसतं. तुमच्या गावाजवळ टोळी उतरली असेल, तर अंगणवाडीताईंना तेवढं जरूर कळवा.