मूर्च्छा आणि हृदयाचे आरोग्य

ध्वजवंदनाच्या वेळी बराच काळ उन्हात उभा असलेला विद्यार्थी एकाएकी खाली कोसळतो. इंजेक्शनची सुई पाहताच एखाद्या धडधाकट माणसाची शुद्ध हरपते. असे प्रसंग गावोगावी घडतात. मग कोणी नाकाशी कांदा धरतो, कोणी तोंडात पाणी ओततो, कोणी बाहेरची बाधा झाल्याचे सांगतो. आणि थोड्या वेळात माणूस उठून बसला की प्रसंग विसरला जातो. मूर्च्छा आली म्हणजे हृदय दुबळे आहे काय, ही शंका मात्र घरच्यांच्या मनात राहते. या शंकेचे उत्तर मूर्च्छेच्या कारणावर अवलंबून आहे.

मेंदूचा रक्तपुरवठा काही सेकंद अपुरा पडला की शुद्ध हरपते. माणूस आडवा होताच रक्त मेंदूकडे सहज पोहोचते व तो शुद्धीवर येतो. दीर्घकाळ उभे राहिल्याने रक्त पायांत साचते. भीती, वेदना किंवा रक्ताचे दर्शन यांमुळे मज्जातंतूंच्या प्रतिक्षिप्त क्रियेने नाडी मंदावते व रक्तदाब उतरतो. उष्मा व उपवास यांचीही त्यात भर पडते. ही साधी मूर्च्छा होय. तिच्यापूर्वी बहुधा घाम येतो, मळमळते, डोळ्यांपुढे अंधारी येते.

अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावी १९४८ सालापासून हृदयविकाराचा अभ्यास चालू आहे. तेथील ७,८१४ स्त्री-पुरुषांच्या सरासरी १७ वर्षांच्या नोंदींवरून काढलेले निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. साधी मूर्च्छा आलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका इतरांहून अधिक नव्हता. हृदयविकारामुळे मूर्च्छा आलेल्यांत मात्र तो सुमारे दुप्पट आढळला. ज्यांच्या मूर्च्छेचे कारण सापडले नाही, त्यांचाही धोका काहीसा अधिक होता. तात्पर्य, साध्या मूर्च्छेने हृदयास इजा होत नाही; परंतु मूर्च्छा ही कित्येकदा हृदयातील दोषाची पहिली सूचना असते.

हृदयाचे ठोके नियमित पडावेत म्हणून त्यात सूक्ष्म विद्युत्-प्रवाह वाहत असतो. त्यात अडथळा आल्यास ठोके अतिशय मंदावतात किंवा काही क्षण थांबतात. उलट काही विकारांत ते भलतेच जलद पडतात. हृदयाची झडप अरुंद झाली असल्यास श्रमाच्या वेळी पुरेसे रक्त बाहेर पडत नाही. काही कुटुंबांत हृदयाच्या स्नायूंची जाडी वाढण्याचा विकार आनुवंशिक असतो. या सर्व दोषांत मूर्च्छा येऊ शकते.

वेळीच उपचार झाल्यास काय साधते, याचे उदाहरण स्वीडनमधील आर्ने लार्सन यांचे आहे. हृदयाचे ठोके खंडित होऊन त्यांना दिवसातून अनेक वेळा मूर्च्छा येत असे. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोम येथे त्यांच्या शरीरात पेसमेकर बसविण्यात आला. शरीरात पूर्णपणे बसविलेला तो जगातील पहिला पेसमेकर होय. तो काही तासांतच बंद पडला व दुसरा बसवावा लागला. पुढेही वेळोवेळी नवे बसविण्यात आले. लार्सन २००१ सालापर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले.

पुढीलपैकी कोणतीही गोष्ट आढळल्यास विलंब न लावता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा :

(१) धावताना, पोहताना वा कष्टाचे काम करताना मूर्च्छा येणे;
(२) बसलेले वा निजलेले असताना, किंवा कोणतीही पूर्वसूचना न मिळता शुद्ध हरपणे;
(३) मूर्च्छेपूर्वी छातीत धडधडणे, दुखणे वा धाप लागणे;
(४) पूर्वीपासून हृदयविकार असणे;
(५) कुटुंबात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणे.

अशा वेळी हृदयालेख, म्हणजे ई. सी. जी., काढणे अगत्याचे असते. ही तपासणी वेदनारहित असून काही मिनिटांत होते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांना एकदम उठून उभे राहताना घेरी येत असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे. गोळ्या स्वतः बंद करू नयेत.

मूर्च्छित व्यक्तीस उताणे निजवून पाय थोडे उंच करावेत, कपडे सैल करावेत व भोवतालची गर्दी हटवावी. तिला बसते करू नये. पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालू नये. एक-दोन मिनिटांत शुद्ध न आल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास चालत नसल्यास क्षणभरही न थांबता छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोराने, मिनिटास १०० ते १२० वेळा दाब देत राहावे.

शिक्षकांनी व घरच्या मंडळींनी आणखी एक काम अवश्य करावे. मूर्च्छा आली तेव्हा व्यक्ती काय करीत होती, आधी काय जाणवले आणि शुद्ध किती वेळाने आली, हे लिहून ठेवावे. प्रार्थनेच्या रांगेत पडलेला मुलगा आणि शर्यतीत धावता धावता पडलेला मुलगा, दोघेही क्षणात उठून बसतील. परंतु दुसऱ्याची तपासणी झाल्याखेरीज त्यास पुन्हा मैदानावर उतरू देऊ नये. डॉक्टरांना निदान करताना या चार ओळींच्या टिपणाचा मोठा उपयोग होतो.