पडद्यामागची गिटार

हिंदी चित्रपटसंगीतातील गायक, संगीतकार आणि गीतकार यांची नावे घरोघरी पोचली. परंतु ज्यांच्या वाद्यांतून ते संगीत प्रत्यक्ष उमटले त्या ध्वनिमुद्रणातील वादकांची, म्हणजे बोलावणे येईल त्या स्टुडिओत जाऊन ठरावीक मेहनतान्यावर वाजवणाऱ्या कलावंतांची नावे ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावरसुद्धा क्वचितच छापली गेली. या उपेक्षेचे सर्वांत ठळक उदाहरण इलेक्ट्रिक गिटारवादकांचे आहे, कारण त्यांनी वाजवलेले तुकडे श्रोत्यांना गाण्याच्या शब्दांइतकेच पाठ असतात.

सुभाष घई यांच्या ‘कर्ज’ (१९८०) या चित्रपटाचे कथानकच गिटारच्या एका धुनेवर उभे आहे. पुनर्जन्म झालेल्या नायकाला मागच्या जन्माची आठवण होते ती ही धून वाजवताना. पडद्यावर गिटार ऋषी कपूर यांच्या हातात दिसते. ती वाजवली मात्र गोरख शर्मा यांनी. संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल यांचे ते धाकटे बंधू आणि ट्रम्पेटवादक पंडित रामप्रसाद शर्मा यांचे पुत्र. रामप्रसादजींनी मुंबईतील अनेक वादकांना पाश्चात्त्य स्वरलेखन, म्हणजे पाच रेघांवर सूर लिहिण्याची आणि ते पाहताक्षणी वाजवण्याची पद्धत शिकवली, आणि याच शिकवणीवर गोरख शर्मांची मँडोलिन आणि गिटार घडली. २०१८ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. ‘कर्ज’ची ती धून गुणगुणणाऱ्या किती जणांना तेव्हा त्यांचे नाव ठाऊक होते, हा प्रश्न अस्वस्थ करणारा आहे.

इलेक्ट्रिक गिटारचे तंत्र समजून घेण्यासाठी लोणंद-फलटण भागातील वाचकाला दूर जावे लागत नाही. गणपतीच्या किंवा वरातीच्या मिरवणुकीत वाजणारा बेंजो हे बटणे दाबून वाजवायचे तंतुवाद्य असून त्याचा आवाज कर्ण्यांतून रस्ताभर घुमतो तो तारांपाशी बसवलेल्या ‘पिकअप’मुळे, आणि इलेक्ट्रिक गिटारमध्येही हेच तत्त्व वापरलेले असते. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती तांब्याच्या अतिबारीक तारेचे हजारो वेढे दिलेली गुंडाळी. तिच्यावरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते, गुंडाळीत क्षीण विद्युत्प्रवाह निर्माण होतो आणि अँप्लिफायर तो वाढवून ध्वनिक्षेपकाकडे पाठवतो. गिटारच्या मानेजवळचा पिकअप भरदार, गोलसर सूर देतो, तर तारा जिथे टेकतात त्या घोडीजवळचा पिकअप धारदार. एका छोट्या खटक्याने वादक या दोहोंतून निवड करतो. शिवाय एकाच बनावटीच्या दोन गिटारींचा आवाजही हुबेहूब सारखा नसतो, आणि आपल्या वाद्याचा कोणता सूर कोणत्या गाण्यात खुलेल याची जाण हीच स्टुडिओतील वादकाची खरी पुंजी ठरते.

हे वाद्य मिळवणेही सोपे नव्हते. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणापूर्वी आयातीवर कडक निर्बंध आणि जबर कर असल्याने परदेशी गिटार बहुधा परदेशाहून येणाऱ्या कोणाकडून तरी मिळवावी लागे. चांगल्या तारांचीही टंचाई, आणि मुंबईची दमट हवा पोलादाला गंज चढवायला टपलेली. अशा गिटारीवर वादकाचा जीव जडावा, हे त्याच्या चरितार्थाकडे पाहता अगदी साहजिक होते. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या असंख्य गाण्यांत बास गिटार वाजवणारे जेम्स जेमर्सन यांनीही १९६२ सालचा एकच फेंडर बास वर्षानुवर्षे जपला होता. १९८३ मध्ये त्यांचे निधन होण्याच्या थोडे आधी तो चोरीला गेला.

वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ किंवा ताडदेवचे फिल्म सेंटर येथे अनेक ध्वनिपट्ट्यांचे मुद्रण रूढ होईपर्यंत गायक आणि पन्नासएक वादक एकत्रच ध्वनिमुद्रण करीत, आणि एकाची चूक झाली तरी सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून वाजवावे लागे. संगीत संयोजकाने लिहिलेला कागद समोर आल्यावर थोड्याशा तालमीत तुकडा बसवायचा आणि चुकायचे नाही, अशी ती शिस्त होती. तरीही वादकाच्या स्वतःच्या कल्पकतेला तिथे वाव असे. ‘हरे रामा हरे कृष्णा’ (१९७१) मधील ‘दम मारो दम’च्या आरंभीची गिटार भूपिंदर सिंग यांची, ‘यादों की बारात’ (१९७३) मधील ‘चुरा लिया है’ या गाण्यात त्यांनीच बारा तारांची, म्हणजे सहा जोड-तारांची गिटार वाजवली. त्यांच्या नावाला मान मिळाला, पण तो मुख्यतः गायक म्हणून.

श्रेयनामावलीत नाव असणे ही केवळ मानाची बाब नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर प्रताधिकार कायद्यात अशी तरतूद आहे की, चित्रपटातील ज्याचा सहभाग प्रासंगिक स्वरूपाचा असतो आणि व्यवसायाच्या रूढीनुसार ज्याचे नाव कोठेही दिले जात नाही, त्याला आपल्या कलाविष्काराचे विकृतीकरण रोखण्याचा अधिकार वगळता ‘कलावंत’ मानले जाणार नाही. ‘कर्ज’सारख्या चित्रपटात जिच्याविना कथाच पुढे सरकत नाही अशा वादनाला कोणत्याही अर्थाने प्रासंगिक म्हणता येणार नाही, पण नाव न देण्याची रूढी वादकांनी घातलेली नाही, आणि तिचा तोटा मात्र त्यांनाच सोसावा लागतो. गोरख शर्मांच्या पिढीतील जे वादक आज हयात आहेत त्यांना विचारून कोणत्या गाण्यात कोणी काय वाजवले याची नोंद विद्यापीठांच्या संगीत विभागांनी आणि ध्वनिमुद्रण कंपन्यांनी आताच करायला हवी, कारण बहुतेक गाण्यांच्या बाबतीत ही माहिती त्यांच्या आठवणीपलीकडे कोठेही लिहिलेली नाही.