वेक-अप टायमरच्या ड्रायव्हरमधील क्लॉकची चूक : निदान आणि दुरुस्ती

समजा, जबलपूरच्या ग्वारीघाटावर नर्मदेची पातळी मोजणारे, बॅटरीवर चालणारे यंत्र बसवले आहे. ते दर तासाला जागे होते, मोजमाप पाठवते आणि पुन्हा झोपते. पलीकडचा रिसीव्हर ठरलेल्या वेळी फक्त एक मिनिट ऐकतो. यंत्र मात्र पहिल्याच तासाला ८६.४ सेकंद उशिरा उठते आणि संदेश वाया जातो. पावसाळ्यात हे परवडणारे नाही.

१. निदान

कालावधी दुप्पट करून पाहा. दोन तासांना १७२.८ सेकंद उशीर होतो. यंत्राला जागे व्हायलाच वेळ लागत असता, तर उशीर दोन्ही वेळा सारखाच राहिला असता. इथे तो कालावधीच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे चूक क्लॉकच्या वेगात आहे.

३६८६.४ ÷ ३६०० = १.०२४ = ३२७६८ ÷ ३२०००

२. कारण

टायमरला सेकंद कळत नाहीत. तो फक्त टिक मोजतो. ड्रायव्हरमध्ये ‘टिक = सेकंद × ३२७६८’ असे लिहून ठेवले आहे. ३२७६८ म्हणजे २ चा १५ वा घात, ही घड्याळाच्या क्रिस्टलची वारंवारता. पण या बोर्डवर क्रिस्टल बसवलेलाच नाही. टायमर चिपमधल्या ३२००० हर्ट्‌झच्या आरसी ऑसिलेटरवर चालतो.

३. दुरुस्ती

(अ) आधी क्लॉक चालू करा, मगच टायमरच्या रजिस्टरना हात लावा. पुढे काही बिघडले तर बाहेर पडताना क्लॉक बंद करा.

(आ) वारंवारता क्लॉकलाच विचारा. लिनक्समध्ये त्यासाठी ‘सीएलके_गेट_रेट’ हे फंक्शन आहे. उत्तर शून्य आले तर तिथेच थांबा.

(इ) गुणाकार ६४ बिटांत करा आणि तो काउंटरमध्ये मावतो का ते तपासा. ३२७६८ हर्ट्‌झला ३२ बिटांचा काउंटर ३६ तास २४ मिनिटे ३२ सेकंदांत भरतो.

(ई) झोपताना बसचा क्लॉक बंद केला तरी चालेल. मोजणारा क्लॉक मात्र चालू ठेवा. तो थांबला तर यंत्र उठणारच नाही.

४. मर्यादा

आरसी ऑसिलेटरची वारंवारता नेमकी नसते. एसटीएम३२एफ४०७ या चिपमध्ये ती साधारण ३२ किलोहर्ट्‌झ असली, तरी डेटाशीटनुसार १७ ते ४७ किलोहर्ट्‌झपर्यंत असू शकते. म्हणून अचूक क्लॉकशी ताडून ती मोजून घ्यावी, नाहीतर क्रिस्टल बसवावा. क्रिस्टलही उन्हात मंदावतो, पण ४५ अंश सेल्सिअसला दिवसाकाठी साधारण सव्वा सेकंदच. आपल्या ड्रायव्हरची चूक दिवसाला साडेचौतीस मिनिटांची होती.

स्वाध्याय : ड्रायव्हरने ३२००० धरले आणि बोर्डवर ३२७६८ हर्ट्‌झचा क्रिस्टल असला, तर एका तासाला यंत्र लवकर उठेल की उशिरा? किती सेकंदांनी?